पुण्यातून एक दिवसाच्या सहलीला ड्रायव्हरसकट बस ठरवायची आहे? हे सगळं आधी वाचून घ्या

सोसायटीची सहल, ऑफिसची आउटिंग, भिशीचा ग्रुप, ज्येष्ठ नागरिक संघाचं अष्टविनायक, काहीही असो, बस ठरवायचं काम शेवटी एकाच माणसावर येऊन पडतं आणि तो माणूस पहिल्यांदाच हे करत असतो. तो काय करतो तर चार ठिकाणी फोन लावतो, "किमीला किती?" विचारतो, सगळ्यात कमी सांगेल त्याला टोकन पाठवून मोकळा होतो. मी आमच्या सोसायटीसाठी आणि वडिलांच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी बऱ्याच वर्षांपासून गाड्या ठरवतो, त्यावरून सांगतो, किमीचा रेट हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी आपला दिवस कागदावर मांडायचा. किती वाजता निघणार, कुठे कुठे थांबणार, किती वाजता घरी, आणि या सगळ्यात गाडी चालवणारा माणूस किती तास जागा असणार. एवढं नीट मांडलंत की गाडी कुठली, भाडं किती, ऑपरेटर चांगला की वाईट हे आपोआप कळत जातं.

आधी माणसं मोजा, मग गाडी

"येणार" म्हणणारे आणि खरे येणारे यात नेहमी फरक असतो, म्हणून पैसे जमा झाल्याशिवाय नाव पक्कं धरू नका. पैसे भरलेली नावं हातात आली की मगच सीटांचा हिशोब.

पुण्यात सहलीसाठी साधारण तीन प्रकारच्या गाड्या मिळतात. १२-१३ पासून १७, २० आणि २६ सीटरपर्यंत टेम्पो ट्रॅव्हलर, ज्या आपल्या आकुर्डीच्या फोर्सच्याच बहुतेक असतात. मग २५ ते ३५ च्या मधल्या मिनी बस, आणि ४५-५० ची मोठी बस. १७ सीटर म्हणजे ड्रायव्हर सोडून १७ हे पण विचारून घ्या, काही जण ड्रायव्हर धरून सांगतात. आणि १७ सीटला १७ माणसं भरू नका. लहान मूल मांडीवर बसेल हे अर्ध्या तासासाठी ठीक आहे, तीन तास नाही होत, त्याला सीट धराच. शिवाय ट्रॅव्हलरला डिकी अशी फारशी नसते, सामान एकतर वर कॅरिअरवर किंवा मागच्या सीटजवळ, त्यामुळे दोन सीट मोकळ्या ठेवल्यात तर दिवसभर सगळ्यांना बरं वाटतं. ज्येष्ठ मंडळी असतील तर मागची सीट त्यांना देऊ नका, खड्ड्यात सगळ्यात जास्त दणका तिथेच बसतो, आणि पायरी किती उंच आहे तेही बघा. आमच्या संघात आम्ही छोटा प्लास्टिकचा स्टूल सोबत ठेवतो, गुडघेदुखीवाल्यांना चढा-उतरायला तो इतका उपयोगी पडतो की आता तो सामानाच्या यादीत पहिला असतो.

सीटिंग कसं आहे ते विचारा. टू बाय वन, टू बाय टू, की थ्री बाय टू. पुशबॅक, म्हणजे पाठ मागे सरकणारी सीट आहे का. एसी आहे का, आणि घाट चढताना एसी चालू राहतो का, कारण बऱ्याच गाड्यांना चढावर एसी बंद करावा लागतो आणि मग लोक ड्रायव्हरवर चिडतात, त्याचा काही दोष नसताना.

ठिकाण आणि गाडी एकमेकांना सूट होतायत का

हे लोक विसरतात. ५० सीटर बस स्वस्त पडते माणशी, पण ती सगळीकडे जात नाही. माझा साधा ठोकताळा, जिथे एसटीची मोठी गाडी नेमाने जाते तिथे आपली मोठी बस जाईल. जिथे एसटी जात नाही तिथे ऑपरेटर "जाईल ना साहेब" म्हणाला तरी दुसऱ्या कोणालातरी विचारून खात्री करा.

सिंहगडावर मोठी बस वर न्यायचा विचारच नको, घाट अरुंद आहे, वळणं बारीक आहेत आणि सुट्टीच्या दिवशी वर पार्किंगला जागा नसते. पायथ्याला उतरून जीपने वर जावा. महाबळेश्वरला मोठी बस जाते, पण तिथले पॉइंट फिरायला स्थानिक टॅक्सी घेतलेल्या बऱ्या पडतात, बस एका जागी उभी राहू दे. कासला सीझनमध्ये आधी ऑनलाइन बुकिंग लागतं आणि गाडी लांब पार्क करून पुढे चालत किंवा तिथल्या बसने जायचं असतं, तेव्हा ज्यांना चालवत नाही त्यांना आधीच सांगा. ताम्हिणीतून दिवेआगर-हरिहरेश्वरला जायचं असेल तर ट्रॅव्हलर किंवा मिनी बसच बरी. मोरगाव, थेऊर, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री हे अष्टविनायकातले पाच पुणे जिल्ह्यातच आहेत, रस्ते बरे आहेत, मोठी बस आरामात जाते. पण पाचही एका दिवसात करायचा हट्ट ज्येष्ठांना घेऊन करू नका, आणि लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत हे लक्षात ठेवा.

पावसाळ्याचं वेगळंच असतं. मावळ, मुळशी भागातल्या धोक्याच्या ठिकाणांवर प्रशासन बंदीचे आदेश काढतं, वरंधा घाट जड वाहनांना बंद होतो, लोणावळ्यात शनिवार-रविवारी मोठ्या गाड्यांवर निर्बंध येतात. निघायच्या दोन दिवस आधी त्या त्या भागातली बातमी बघा. ऑपरेटर हे स्वतःहून सांगेलच असं नाही. आणि आषाढी वारीच्या पालखीच्या दिवसांत दिवे घाट, सासवड रोड, सोलापूर रोड या बाजूची सहल ठेवूच नका, रस्ते वळवलेले असतात आणि वारकऱ्यांनाही आपला त्रास होतो.

तारीख

लग्नाचे मुहूर्त, मे महिना, दिवाळीची सुट्टी, गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्या, आणि १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीला जोडून आलेला वीकेंड, या दिवसांत गाडी मिळणं अवघड आणि रेट चढे. हुरड्याच्या सीझनमध्ये म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी रविवारचंही तसंच होतं, अर्धं पुणं मोराची चिंचोलीच्या दिशेला निघालेलं असतं. शक्य असेल तर शनिवार घ्या किंवा सरळ मधला वार, निवृत्त मंडळींना तर काय फरक पडतो. फक्त जायचं ठिकाण त्या दिवशी उघडं आहे ना ते बघा, कात्रजचं प्राणी संग्रहालय बुधवारी बंद असतं तसं प्रत्येक ठिकाणाचं काहीतरी असतं.

भाडं कसं ठरतं ते समजून घ्या

इथे मी जरा सविस्तर लिहितो कारण सगळी भांडणं इथेच होतात.

शहरातल्या शहरात फिरायचं असेल तर "८ तास ८० किमी" असं पॅकेज असतं. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस असं फिरायला हे पुरतं. त्याच्यावर गेलात की जादा तासाचे वेगळे आणि जादा किमीचे वेगळे पैसे. पुण्याचं ट्रॅफिक बघता किमी कधीच संपत नाहीत, तास संपतात.

शहराबाहेर गेलात की किमीचा रेट आणि दिवसाला कमीत कमी किमी. बहुतेक ठिकाणी दिवसाला ३०० किमी मिनिमम धरतात, काही जण २५०. म्हणजे तुम्ही १५० च किमी फिरलात तरी पैसे ३०० चे. आता उदाहरण बघा, आकडे समजावण्यापुरते धरलेत, रेट गाडीप्रमाणे आणि सीझनप्रमाणे बदलतो. कोथरूडहून वाई, मेणवली, पाचगणी आणि परत, साधारण २२० किमी. १७ सीटर, समजा किमीला २६ रुपये. ३०० मिनिमम म्हणजे ७८०० रुपये. ड्रायव्हर भत्ता समजा ५००. झाले ८३००. यावर जीएसटी, बरेच जण ५ टक्के लावतात, म्हणजे ४१५. एकूण ८७१५. टोल आणि पार्किंग पावतीप्रमाणे वेगळे. १५ माणसं असतील तर माणशी ५८१ आणि टोल-पार्किंगचे थोडे वर. आता दुसऱ्या ऑपरेटरने किमीला २४ सांगितले म्हणून तुम्ही खूश झालात, पण त्याचा भत्ता ८०० आहे, शिवाय गाडी धुवायचे वेगळे, आणि किमी तो त्याच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतो. झाला का स्वस्त?

गॅरेजपासूनचे किमी ही गोष्ट नव्या माणसाला माहीतच नसते. गाडी उभी राहते कोंढव्याला आणि तुमचा पिकअप निगडीला असेल तर जाता-येता ६० किमीच्या आसपास नुसते रिकामे पडतात. छोट्या सहलीत ते मिनिममच्या पोटात जिरतात म्हणून कळत नाही, पण महाबळेश्वरला गेलात, फिरून-बिरून २७० झाले, त्यात हे ६० मिळवले की ३३०, म्हणजे वरच्या ३० किमीचे ७८० रुपये जादा. म्हणून ऑपरेटर शक्यतो आपल्या भागातला बघा आणि "किमी कुठून मोजणार" हा प्रश्न पहिल्या फोनलाच विचारा.

दुसरं, दिवस कसा मोजतात. बहुतेक जण रात्री १२ ते रात्री १२ असा दिवस धरतात. शुक्रवारी रात्री १० ला निघून रविवारी पहाटे २ ला परत आलात तर तुमच्या डोक्यात एक दिवस आणि दोन रात्री, त्याच्या बिलात तीन दिवस, आणि तीन गुणिले ३०० म्हणजे ९०० किमी. निघायची वेळ दोन तास पुढे सरकवली आणि परतायची दोन तास अलीकडे घेतली तर हेच एका दिवसात बसतं.

जवळची सहल असेल, जेजुरी, नारायणपूर, केतकावळे, मोराची चिंचोली अशी, तर किमीच्या भानगडीत न पडता सरळ उक्तं भाडं विचारा. "सकाळी ७ ते संध्याकाळी ७, ही ठिकाणं, टोल-पार्किंग-भत्ता सगळं धरून किती?" छोटे मालक, ज्यांच्या स्वतःच्या एक-दोन गाड्या आहेत, ते उक्त्याला पटकन तयार होतात.

टोलचंही एक बघून ठेवा. फास्टॅग गाडीमालकाचा असतो, पैसे त्याच्या खात्यातून कापले जातात, तेव्हा किती कापले त्याचा मेसेज दाखवायला सांगा. सातारा रोडला खेड-शिवापूरचा टोल लागतो, पण सुरूरवरून वाईकडे वळलात तर आनेवाडीचा लागत नाही, सातारा किंवा कासला गेलात तर लागतो. हे माहीत असलं की बिलावर एक नजर टाकून कळतं.

शाळेची सहल असेल तर खासगी गाडीच्या आधी एसटीच्या आगारात जाऊन प्रासंगिक कराराची, म्हणजे अख्खी एसटी भाड्याने घेण्याची, चौकशी करा. शालेय सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते, आणि लग्नाला किंवा इतर ग्रुपलाही एसटी अशी करारावर मिळते, ते कित्येकांना माहीतच नाही.

ऑपरेटरला काय विचारायचं

"गाडी तुमची स्वतःची आहे का?" हा पहिला. पुण्यात बरीच ऑफिसं बुकिंग घेतात आणि गाडी दुसऱ्याची लावतात. ते काही बेकायदा नाही, पण मग बोलणं एकाशी, पैसे दुसऱ्याला आणि अडचण आली की तिसऱ्याला फोन असं होतं. स्वतःची असेल तर आदल्या दिवशी जाऊन बघू का विचारा. जो आनंदाने "या की" म्हणतो त्याची गाडी बहुतेक वेळा नीट असते.

नंबर प्लेट पिवळी, काळी अक्षरं, म्हणजे भाड्याने द्यायची गाडी. पांढऱ्या प्लेटची गाडी कितीही स्वस्त मिळाली, ओळखीतली असली, तरी घेऊ नका. भाड्याने चालवायचं परमिट नाही, आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते, मग पंधरा घरांचं काय?

गाडीचा नंबर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मागून घ्या आणि एमपरिवहन अॅपवर टाका. फिटनेस (गाडी चालवण्यालायक असल्याचा आरटीओचा दाखला) कधीपर्यंत आहे, इन्शुरन्स, पीयूसी, परमिट सगळं पाच मिनिटांत दिसतं. सीटांची संख्या पण दिसते, सांगितलेल्या गाडीशी जुळते का बघा. सकाळी भलतीच गाडी आली तर तिचा नंबरही तिथल्या तिथे टाकून बघा, चढण्याआधी. आम्हाला एकदा ठरलेली पुशबॅक एसी सोडून दुसरीच गाडी आली होती आणि तिचा फिटनेस संपलेला होता, तासभर रस्त्यावर उभं राहिलो पण चढलो नाही, मालकाने दुसरी पाठवली. तुम्हीही असंच करा. "आता आलीच आहे तर जाऊ" म्हणणारे चार जण ग्रुपमध्ये असतातच, त्यांच्यापुढे ठाम राहायचं काम तुमचं.

गाडीत चढल्यावर इमर्जन्सी दार किंवा काच कुठे आहे ते शोधा आणि ते दार एकदा उघडून बघा. खरंच हात लावून उघडून. मार्च २०२५ मध्ये हिंजवडीत टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागली तेव्हा मागचं दार वेळेत उघडलं नाही आणि चार जण गेले. आपल्याकडे या दारासमोर खाऊची खोकी, चटया, क्रिकेटची किट असं सगळं रचून ठेवायची सवय आहे. ती जागा मोकळी पाहिजे. दार कसं उघडायचं ते मागच्या सीटवर बसणाऱ्या दोन तरुण मुलांना दाखवून ठेवा. काच फोडायचा हातोडा, आग विझवायचा सिलिंडर आणि फर्स्ट एड बॉक्स जागेवर आहे का तेही याच वेळी बघून होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ड्रायव्हर

भाडं ठरवताना आपण दोनशे रुपयांवरून घासाघीस करतो, पण "ड्रायव्हर आदल्या रात्री कुठून येतोय?" हे कोणी विचारत नाही. मी म्हणतो बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विचारा. सीझनमध्ये काय होतं, ड्रायव्हर शनिवारी रात्री लग्नाचं वऱ्हाड सोडून एक वाजता गॅरेजला येतो आणि रविवारी पहाटे साडेपाचला तुमच्या गेटवर उभा असतो. तो नाही म्हणू शकत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. आपण विचारायचं.

दिवसाचा हिशोब त्याच्या बाजूने करून बघा. तुमचा पिकअप ६ चा. तो ४ ला उठणार, गाडी पुसणार, डिझेल भरणार, ५ ला निघणार. तुम्ही परत येणार रात्री १० ला, शेवटचं माणूस सोडून तो गॅरेजला ११ ला, घरी १२. वीस तास झाले. मोटर वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं, आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम ९१ ने तेच तास ट्रान्सपोर्ट गाडीच्या ड्रायव्हरला लागू केले होते. सहलीच्या दिवशी हे काटेकोर पाळणं अवघड जातं मान्य, पण ६ ते १० च्या ऐवजी ७ ते ८ असा दिवस आखणं आपल्या हातात आहे. एखादं ठिकाण कमी करा. रात्रभर प्रवास असेल तर दोन ड्रायव्हर मागा, जास्तीचा भत्ता द्या, तो पैसा वाया गेला असं समजू नका.

आणि दुपारची झोप. जेवायला थांबलात की दीड-दोन तास जातातच, तेवढ्यात ड्रायव्हर गाडीत आडवा होऊन झोपू शकतो. पण होतं काय, जेवण सुरू असताना एक जण औषधाची गोळी घ्यायला गाडीत येतो, दुसरी बाळाचे कपडे न्यायला, तिसऱ्याला उकडतंय म्हणून तो "दादा जरा एसी लावा" म्हणत येऊन बसतो, आणि त्या माणसाला दहा मिनिटं डोळा लागत नाही. म्हणून उतरतानाच मोठ्याने सांगा, जे लागणार आहे ते आत्ता घ्या, गाडी आता तीन वाजता उघडणार. ड्रायव्हरला आधी जेवायला बसवा, आपल्यासोबत, आपण जे खातोय तेच, आणि मग त्याला मोकळं सोडा. एवढ्याने संध्याकाळचा प्रवास किती सुरक्षित होतो ते सांगता येत नाही.

मुक्कामाची सहल असेल तर हॉटेलवाल्याशी बोलून ड्रायव्हरला झोपायला खोली किंवा निदान कॉट, आणि सकाळी आंघोळीची सोय हे ठरवून घ्या. सीटवर पाय मुडपून झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट उतरवणार असतो.

रस्त्यात त्याला घाई करू नका. "मामा, पुढच्या गाडीला टाका की मागे" हे पोरांनी ओरडलं तर मोठ्यांनी थांबवायचं. पुढच्या सीटवर जागा राहणारा, गप्पा मारणारा माणूस बसवा, विशेषतः परतीला, सगळे झोपलेले असतात तेव्हा. सातारा रोडने परत येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतार आहे, तिथे किती अपघात झाले हे पुणेकराला सांगायला नको. डिझेल वाचवायला काही जण तिथे गाडी न्यूट्रलला टाकतात. बोगद्याच्या आधीच पुढे बसलेल्याने सांगायचं, "दादा, गिअरमध्येच राहू द्या, हळू चला, आपल्याला घाई नाही." कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट बरेच ड्रायव्हर म्हणतात की गाडी ठरवणाऱ्यांनी असं सांगितलं तर बरं वाटतं.

दारूबद्दल एकच ओळ, गाडीत नाही, कोणालाच नाही, हे बुकिंगच्या वेळी आपल्या ग्रुपलाही सांगा आणि मालकालाही.

ठरलं की लिहून पाठवा

फोनवर काय बोललात ते संध्याकाळी कोणालाच आठवत नाही. म्हणून बोलणं झालं की लगेच व्हॉट्सअॅपवर असा मेसेज टाका:

"नमस्कार. रविवार १८ जानेवारी. १७ सीटर एसी पुशबॅक. पिकअप सकाळी ६.४५ नळ स्टॉप, ७.०० वारजे पूल. वाई, मेणवली, पाचगणी, परत रात्री ८.३० पर्यंत. किमीला २६, मिनिमम ३००, किमी पहिल्या पिकअपपासून. ड्रायव्हर भत्ता ५००. टोल-पार्किंग पावतीप्रमाणे आम्ही देणार. जीएसटी ५ टक्के वेगळा. अॅडव्हान्स २००० दिले, बाकी परत आल्यावर. गाडी नंबर आणि ड्रायव्हरचा फोन शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत पाठवणार. ड्रायव्हरला आदल्या रात्री दुसरी ट्रिप नसावी. गाडी बंद पडली तर दुसरी गाडी तुम्ही द्यायची. बरोबर असेल तर ओके लिहा."

तो "ओके" महत्त्वाचा. रद्द केलं तर अॅडव्हान्समधले किती परत हेही यातच लिहा. अॅडव्हान्स २०-३० टक्क्यांच्या वर देऊ नका, आणि युपीआयने पाठवताना नाव मालकाचं किंवा ऑफिसचं येतंय ना बघा. वाटेत ड्रायव्हरने डिझेलला पैसे मागितले तर आधी मालकाला फोन, मग द्या, आणि दिलेत की त्याच मेसेजखाली आकडा टाका.

पिकअप

मोठी बस सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत घरासमोर येणार नाही, आली तरी निघणार नाही. पिकअप मोठ्या रस्त्यावरचे आणि जायच्या दिशेचेच ठेवा. साताऱ्याकडे जायचं तर नळ स्टॉप, वारजे, कात्रज. लोणावळ्याकडे तर शिवाजीनगर, नाशिक फाटा, निगडी. नाशिक रोडने तर भोसरी. नगर रोडला विमाननगर, वाघोली. तीनच्या वर पिकअप ठेवले की पहिला माणूस शेवटच्या माणसाची वाट बघत तासभर गाडीत बसतो. सोसायटीच्या आत गाडी घ्यायची असेल तर गेटच्या कमानीची उंची आणि लटकणाऱ्या केबल बघून घ्या, आणि रात्रीच वॉचमनला सांगून ठेवा. गाडी सुटायच्या आधी ओडोमीटरचा फोटो काढा, ड्रायव्हरसमोरच.

सोबत काय असावं हे प्रत्येक जण आपापलं ठरवतो, पण उलटीच्या पिशव्या, आवळा सुपारी, पाण्याचा मोठा जार, सगळ्यांच्या घरचे फोन नंबर कागदावर, आणि कचऱ्याची एक मोठी पिशवी एवढं तरी ठेवाच. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि घाटाच्या आधी पोहे-मिसळ पोटभर खाऊ नका म्हणावं.

परत आल्यावर

शेवटच्या स्टॉपवर पुन्हा ओडोमीटरचा फोटो. टोलचे मेसेज, पार्किंगच्या पावत्या बघून तिथेच हिशोब मिटवा, उद्यावर टाकलंत की वाद वाढतो. सगळ्या सीटांखाली, वरच्या रॅकवर आणि कॅरिअरवर एकदा मोबाईलचा टॉर्च मारून बघा, चष्मे, कवळी, स्वेटर, पोरांची पाण्याची बाटली नेहमी राहते. कचरा आपण उचलायचा, गाडीत कोणी उलटी केली असेल तर धुवायचे दोनशे-तीनशे ड्रायव्हरच्या हातात द्या, कारण ती गाडी रात्री त्यालाच धुवायची असते. माणसाने चांगली गाडी चालवली असेल तर ग्रुपमधून माणशी वीस-तीस रुपये काढून त्याला वेगळे द्या, मालकामार्फत नको. आणि दुसऱ्या दिवशी मालकाला फोन करून सांगा की तुमच्या अमुक दादांनी नीट नेलं-आणलं, पुढच्या वेळीही तेच मिळाले तर बघा. मालक हे लक्षात ठेवतात, आणि पुढच्या वेळी फोन केलात की रेटही जरा बरा निघतो.